नाकारलेली कमान : हिरोशिमातील इसामू नोगुची

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शांतिशिल्पांचा विचार बहुधा त्यांच्या प्रतीकार्थाच्या अंगाने केला जातो. शिल्प कोणी घडविले, हा प्रश्न गौण मानला जातो. हिरोशिमात मात्र तोच प्रश्न निर्णायक ठरला. प्रस्तुत लेखात त्या प्रसंगाचा परामर्श घेतला आहे.

६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या या शहरात शांती उद्यान उभारण्याची स्पर्धा १९४९ मध्ये वास्तुविशारद केंझो तांगे यांनी जिंकली. उद्यानालगतच्या दोन पुलांचे कठडे घडविण्याचे काम इसामू नोगुची यांना मिळाले. नोगुची यांचा जन्म १९०४ मध्ये लॉस एंजेलिस येथे झाला. वडील जपानी कवी, आई अमेरिकन. युद्धकाळात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले, तेव्हा १९४२ मध्ये ते ॲरिझोनातील पोस्टन छावणीत स्वेच्छेने दाखल झाले होते.

एका पुलाच्या कठड्याचे टोक उगवत्या सूर्याच्या अर्धगोलासारखे आहे, तर दुसऱ्याची घडण नावेच्या सांगाड्याची आठवण देते. नोगुचींनी त्यांना आधी ‘जगणे’ आणि ‘मरणे’ अशी नावे दिली होती. पुढे ती ‘त्सुकुरु’ (घडविणे) आणि ‘युकु’ (निघणे) अशी झाली. मृत्यूचा उच्चार टाळून प्रस्थानाचा केला, हा बदल केवळ शाब्दिक नव्हे. आशा येथे आकारापेक्षा क्रियापदात अधिक दिसते.

तांगे यांनी मृतांच्या मुख्य स्मारकाचा आराखडाही नोगुचींकडून करवून घेतला. काळ्या ग्रॅनाइटच्या भारदस्त कमानीचे पाय जमिनीखालील दालनात उतरणार होते आणि मृतांची नावे तेथे जतन होणार होती. संबंधित समितीने तो नाकारला. नोगुचींचे अमेरिकन असणे हे त्यामागचे प्रमुख कारण मानले जाते. अखेर तांगे यांनीच कमान रचली व ६ ऑगस्ट १९५२ रोजी तिचे अनावरण झाले.

या नकाराला संकुचितपणा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु बॉम्ब पडून सातच वर्षे झाली होती आणि जपानवरील ताबा त्याच वर्षी एप्रिलमध्ये संपला होता. आपल्या मृतांचे स्मारक कोणी घडवावे हे ठरविण्याचा शोकाकुलांचा हक्क नाकारता येत नाही. तरीही एक विसंगती उरते : ज्याच्या हातचे पूल स्वीकारले, त्याच्या हातचे स्मारक नाकारले. नोगुचींनी पुढे १९८० च्या दशकात या आराखड्याचे नवे प्रारूप तयार केले. १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर ती कमान उभी राहिली नव्हती.