खानदेशातील फडपद्धती

पाणी व जमीन यांचा उपभोग घेताना पुढील पिढ्यांचा वाटा राखावा, हा विचार आपणास परका नाही. पांझरा व मोसम या नद्यांच्या काठी सुमारे तीनशे वर्षे नांदलेली फडपद्धती त्याची साक्ष देते.

नदीवर दगडी बंधारा घालून पाणी पाटाने शिवारात आणावयाचे, भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडावयाचे आणि एका फडात एकच पीक घ्यावयाचे, अशी ही व्यवस्था होती. ऊस कोणत्या फडात लावावा, हे बागाईतदार पाण्याचा अंदाज घेऊन एकत्र ठरवीत. पाणी तुटले तर एखादा फड पडीक राही. परंतु बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे झळ सर्वांनाच बसे. पिकांची पाळी बदलत असल्याने जमिनीचा कसही टिके. पाणी पाटकरी देई, राखण जागल्या करी. पाटातील गाळ काढण्यास मात्र साऱ्यांनी हात लावावयाचा असे.

पुढे विहिरींवर पंप बसले, नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली आणि जो तो आपल्या पाण्याचा स्वतंत्र धनी झाला. बंधारे राहिले, गाळ काढणारे हात पांगले.

आमची नम्र सूचना अशी की, त्या भागात ज्यांचे मूळ गाव आहे, अशा ज्ञातिबांधवांनी सुटीत मुलांना हे पाट दाखवावेत, जाणत्यांकडून जुने नियम समजून घ्यावेत आणि गावकऱ्यांबरोबर गाळाची चार घमेली स्वतः उचलावीत. तसे झाले, तरच हा वारसा केवळ स्मरणिकेच्या पानांत उरणार नाही.