ट्रकचा सांधा आणि सूर्यघड्याळ

काही वर्षांपूर्वी शाळाशाळांतून प्रयोगांचे साहित्य नेणाऱ्या एका जुन्या ट्रकबरोबर मी आठवडाभर फिरत होतो. पुणे-नाशिक रस्त्यावर गाडीच्या पोटातून आवाज येऊ लागला. क्लच सोडला की 'खट्ट', गिअर बदलला की पुन्हा 'खट्ट'. वाटेतल्या एका गॅरेजमध्ये प्रोपेलर शाफ्ट खाली उतरवला. इंजिनाकडची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा हा लांब दांडा. त्याच्या सांध्यातला 'क्रॉस' झिजला होता, तो बदलला. 'खट्ट' थांबले, पण ताशी ५० किलोमीटरचा वेग गाठताच पायाखालचा पत्रा घुमू लागला. नवा माल घालून गाडी आधीपेक्षा वाईट!

पुढच्या गावातल्या एका वयस्क मिस्त्रींनी पाना हातात न घेताच, बॅटरी घेऊन खाली डोकावून निदान केले : "सर, क्रॉस चांगला आहे. बाणाला बाण लागलेला नाही."

या वाक्यामागे तीनशे वर्षांचा इतिहास आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स चासीला पक्के बांधलेले असतात. मागचा आस मात्र स्प्रिंगच्या पाट्यांवर वरखाली होतो. त्यामुळे दोघांना जोडणारा दांडा फिरता फिरता वाकला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक टोकाला इंग्रजी 'यू' अक्षरासारखे दोन योक समोरासमोर ठेवतात आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी क्रॉस बसवतात. युरोपात या सांध्याला इटालियन गणिती कार्दानो (१५०१-१५७६) याचे नाव चिकटले आहे. खरे तर १५५० च्या ग्रंथात त्याने कड्यांत टांगण्याच्या एका रचनेचे वर्णन केले होते, शोधाचा दावा केला नव्हता.

१६६४ मध्ये गास्पार शॉट या जर्मन विद्वानाने असा सांधा वर्णिला आणि एक ठाम चूक केली. एक दांडा ज्या गतीने फिरेल त्याच गतीने दुसराही फिरेल, असे त्याने म्हटले. चूक स्वाभाविक आहे. एकाचा एक फेरा पुरा झाला की दुसऱ्याचाही होतो. मग फरक कुठला? फरक फेऱ्याच्या आत असतो. तो रॉबर्ट हूकने ओळखला.

हूक आपल्याला स्प्रिंगच्या नियमामुळे माहीत असतो. (पाटे त्याच्या नियमाने दबतात आणि ते दबतात म्हणून त्याचा सांधा लागतो, एका ट्रकखाली हूक असा दोनदा भेटतो.) वाकलेल्या सांध्यातून मिळणारी गती एका फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा घटते, हे त्याने दाखवले. वर्गात हे पाहायचे असेल तर पुठ्ठ्याच्या चकतीवर दर ३० अंशांवर रेघा काढून तिला तारेच्या आऱ्या चिकटवा आणि पुठ्ठा मधून कापून टाका. उन्हात किरणांना काटकोनात कागद धरून चकती ४५ अंशांनी कलती करा. सावलीतल्या आऱ्यांमधले कोन सारखे राहत नाहीत. कलण्याच्या अक्षापासून मोजले तर सुमारे २२, २९ आणि ३९ अंश येतात. सांध्याचे गणित हेच आहे.

पण हूकला यात दोष दिसला नाही, उपयोग दिसला! आडव्या सूर्यघड्याळातली सावलीही अशीच असमान चालते. सूर्य ताशी १५ अंश सरकतो. लंडनमध्ये मात्र सावली दुपारी १२ ते १ या तासात सुमारे १२ अंश आणि ५ ते ६ या तासात सुमारे १९ अंश फिरते. सांधा ३८.५ अंशांत, म्हणजे ९० वजा लंडनचे अक्षांश इतका वाकवून एक टोक घड्याळाने एकसारखे फिरवले, तर दुसऱ्या टोकाचा काटा नेमका त्या सावलीसारखा चालतो. १६७६ च्या आपल्या पुस्तिकेत हूकने हा सांधा आणि त्याचा हा उपयोग दोन्ही दिले आहेत. मला हा त्याच्या सर्व कामांतला सर्वांत देखणा तुकडा वाटतो.

जिथे असमान गती नको, तिथला उपायही त्यानेच १६८३ मध्ये सुचवला : एकाऐवजी दोन सांधे घ्यावेत. दोन्हींचे कोन सारखे असावेत आणि मधल्या दांड्याच्या दोन टोकांचे योक एका पातळीत असावेत. मग पहिला सांधा गती जेवढी वाढवतो तेवढीच दुसरा घटवतो. मधला दांडा कमीजास्त फिरत राहतो, पण पलीकडे गती एकसारखी पोहोचते.

मोटारीत हा सांधा रुजवला तो अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसरने. आरंभीच्या अनेक गाड्या साखळीवर चालत. ती ताणे, घाण धरी आणि कर्कश वाजे. कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना स्पायसरने त्याऐवजी झाकलेले, वंगण टिकवणारे सांधे असलेला दांडा योजला. त्याला १९०३ मध्ये पेटंट मिळाले आणि १९०४ पासून तो हे सांधे बनवू लागला.

आता आमच्या ट्रककडे वळू. आस वरखाली होताना अंतर कमीजास्त होते, म्हणून शाफ्टचे दोन तुकडे दातेरी खाचांनी एकमेकांत सरकतात. हे तुकडे कोणत्याही दात्यावर बसतात, हीच मेख आहे. पहिल्या गॅरेजात ते वेगळे झाले आणि जोडताना पाव फेरा चुकला. योक एकमेकांना काटकोनात आले. मग दोन सांध्यांच्या चुका वजा होण्याऐवजी एकावर एक चढल्या. कोन १० अंशांचा धरला तर एका सांध्याने गती सुमारे दीड टक्का खालीवर होते; चुकीच्या जोडणीत ती तीन टक्क्यांपर्यंत जाते. ताशी ५० किलोमीटरला अशा ट्रकचा शाफ्ट सेकंदाला साधारण २५ ते ३० फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्यात दोन हिसके बसतात. म्हणजे सेकंदाला ५०-६० कंपने झाली. पत्रा घुमत होता तो याच सुरात.

चेपलेली नळी कापून नवी जोडतानाही हीच काळजी लागते. नळी पोकळ असते कारण पिळाचा भार मुख्यतः बाहेरची साल घेते. पण वेल्डिंग करताना टोकांचे योक जरा तिरके बसले, तर पुढे कितीही महागडे क्रॉस घातले तरी ती चूक निघत नाही.

मिस्त्रींनी शाफ्ट उतरवला, रॉकेलच्या बोळ्याने पुसला. चिखलाखाली दोन्ही तुकड्यांवर कारखान्यातच ठोकलेले बाण निघाले. ते समोरासमोर आणून शाफ्ट चढवला. अर्ध्या तासाचे काम. निघण्यापूर्वी त्यांनी छिन्नीने दोन्ही तुकड्यांवर मिळून एक ठसठशीत खूण केली. "बाण पुसट झालेत," ते म्हणाले, "पुढचा माणूस बघेल न बघेल."