आपपरभाव आणि जन्मजातसदृश टी पेशी : एका परिभाषेचा इतिहास

शरीर स्वतःस ओळखते काय, आणि ओळखत असल्यास त्या ओळखीचे पुढे काय होते, हा प्रश्न रोगप्रतिकारशास्त्रात स्पष्टपणे पुढे आला तो शेळ्यांच्या रक्तावरून. १९००-०१ मध्ये पाउल एर्लिख व युलिउस मोर्गेनरोथ यांनी शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचले. टोचलेल्या प्राण्याच्या रक्तरसात परक्या तांबड्या पेशी विरघळविणारी द्रव्ये उत्पन्न झाली. स्वतःच्या पेशींना मात्र त्यांचा उपद्रव झाला नाही. या घटनेस एर्लिख यांनी ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’, म्हणजे आत्मविषाची धास्ती, असे नाव दिले. अशी द्रव्ये निर्माण होऊच शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांच्या घातक परिणामांस आवर घालणारी काही व्यवस्था असली पाहिजे, एवढेच ते सुचवीत होते. १९०४ मध्ये डोनाथ व लांडश्टायनर यांनी, थंडी लागताच लघवीतून रक्तरंजक जाणाऱ्या रोग्यांत, स्वतःच्याच रक्तपेशींविरुद्धचे द्रव्य दाखविलेही. परंतु नाव मोठे ठसठशीत होते. पुढील पिढीने धास्तीचा अर्थ अशक्यता असा केला, आणि मूळ विधानातील सावधपणा नाहीसा झाला.

‘स्व’ आणि ‘स्वेतर’ ही जोडी शास्त्रात स्थिर झाली ती ऑस्ट्रेलियातील फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यामुळे. फेनर यांच्यासह लिहिलेल्या १९४९ च्या ग्रंथात ती ठळकपणे आढळते. १९५७ मध्ये मांडलेल्या वंशनिवडीच्या सिद्धांतात बर्नेट यांनी तिला यंत्रणा दिली: स्वतःच्या प्रतिजनांस ओळखणाऱ्या पेशींचे वंश शरीराच्या प्रारंभिक अवस्थेतच नष्ट होतात. मराठीत आपपरभाव हा दोष मानला जातो, तो नसणे हे संताचे लक्षण. बर्नेट यांच्या मांडणीत मात्र तो शरीराचा पहिला धर्म ठरला. ‘स्व’ला ओळखणे म्हणजे ‘स्व’वर चालून जाणे, हे समीकरण तेथे गृहीत धरलेले होते. ते कोणी सिद्ध केले नव्हते.

१९८४ च्या नोबेल व्याख्यानात नील्स येर्ने यांनी याच शास्त्रास चॉम्स्की यांच्या प्रजनक व्याकरणाची उपमा दिली. मर्यादित घटकांपासून अमर्याद वाक्ये बनतात, त्याचप्रमाणे थोड्या जनुकखंडांच्या जुळणीतून असंख्य प्रतिपिंडे बनतात. उपमा समर्पक होती. पण दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, जपानमधील मासारु तानिगुची यांच्या गटाने उंदरांच्या टी पेशींत एक असा ग्राही नोंदविला की ज्याची एक साखळी पुनःपुन्हा तीच आढळत होती. नामाला विभक्ती लागावी तशी इतर टी पेशींची रूपे पालटतात. या पेशी अव्ययासारख्या होत्या. त्यांच्या अंगी नैसर्गिक मारक पेशींच्या काही खुणा असल्याने १९९५ च्या सुमारास त्यांना ‘एन-के-टी’ हे नाव मिळाले. त्या काही तासांतच प्रतिसाद देतात. अर्जित प्रतिकाराला लागणारे दिवस त्यांना लागत नाहीत, म्हणून ‘जन्मजातसदृश’ हे विशेषण.

१९९५ मध्येच अल्बेर बेंदलाक व सहकाऱ्यांनी दाखविले की या पेशी ‘सीडी-१’ नावाच्या रेणूस ओळखतात, आणि बाहेरचे काहीही न घालता ओळखतात. हा रेणू प्रथिनांचे तुकडे नव्हे, तर स्निग्ध द्रव्ये पुढे धरतो. अर्थात त्या स्वतःच्याच कोणत्या तरी स्निग्ध द्रव्यास प्रतिसाद देत होत्या. बर्नेट यांच्या नियमाने थायमस ग्रंथीत त्यांचा नाश व्हावयास हवा होता. उलट तेथे या ओळखीमुळेच त्यांची निवड होते, आणि त्या अर्धजागृत स्थितीत बाहेर पडतात.

ते द्रव्य कोणते? पहिला प्रबळ प्रतिजन मिळाला तो ओकिनावाजवळील समुद्रातल्या स्पंजापासून. त्यातील साखरयुक्त स्निग्ध द्रव्य हे काम करते असे १९९७ मध्ये सिद्ध झाले. त्यात साखर अल्फा-बंधाने जोडलेली असते, आणि सस्तन प्राणी केवळ बीटा-बंधच जोडतात असा तेव्हा समज होता. म्हणून शोध दुसरीकडे वळला. २००४ मध्ये बेंदलाक यांच्या गटाने ‘आयजीबी-३’ हे द्रव्य पुढे केले. ते तयार करण्यास लागणारे एक विकर नसलेल्या उंदरांत या पेशी जवळजवळ नाहीशा होतात, हा त्यांचा मुख्य पुरावा. पण २००६ मध्ये दिसून आले की स्निग्ध द्रव्ये साठून राहण्याच्या इतर विकारांतही या पेशी घटतात; म्हणजे तो पुरावा एका द्रव्याकडे बोट दाखवीत नव्हता. २००७ मध्ये ‘आयजीबी-३’ बनविणारे विकरच नसलेल्या उंदरांत पेशी यथास्थित आढळल्या. २०१४ मध्ये ल्यूक टेटन यांच्या गटाने सस्तन प्राण्यांत अल्फा-बंधाची द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात असे दाखविले. ज्या शक्यतेस रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाने दार बंद केले होते, तीच अखेर विचारार्थ आली.

या वादाच्या गदारोळात २००३ चे एक निरीक्षण काहीसे बाजूस पडले. वस्तुतः ते अधिक मोलाचे. मायकेल ब्रेनर यांच्या गटाने दाखविले की साल्मोनेलाच्या संसर्गात या पेशींना जंतूचा प्रतिजन दिसावाच लागत नाही. जंतूच्या चाहुलीने इतर पेशी ‘इंटरल्यूकिन-१२’ सोडतात, आणि स्वतःच्या द्रव्याची एरवी क्षीण असणारी ओळख त्यामुळे प्रबळ प्रतिसादात पालटते. ओळख ‘स्व’ची, इशारा ‘परा’चा, दोन्ही मिळून एक वाक्य पुरे होते.

गॅमा-डेल्टा टी पेशींच्या एका गटाची कथाही अशीच आहे. हाडांच्या विकारांवरील पॅमिड्रोनेट हे औषध दिल्यावर काही रोग्यांना ताप येई व या पेशी वाढत, अशी नोंद १९९९ मध्ये झाली. औषधाने कोलेस्टेरॉलनिर्मितीच्या मार्गातील एक विकर रोखले जाते, आणि त्याच्या अलीकडचा फॉस्फेटयुक्त पदार्थ पेशीत साचतो. तो पदार्थ शरीराचाच असतो. बदलते ते केवळ त्याचे प्रमाण.