खाटेजवळचं माणूस

मिरजेच्या वैद्यकीचा इतिहास लिहिणाऱ्यांना डॉक्टरांची नावं हवी तेवढी मिळतात. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले, 1894 मध्ये मिरजेत मिशनचं इस्पितळ उभं राहिलं, 1928 मध्ये त्यांना सर किताब मिळाला, आणि त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही आहे. हे सगळं छापील आहे. कोल्हापूर-बेळगावाकडून रेल्वेने, बैलगाडीने जे रोगी आले, त्यांच्यामागे गाठोडं, स्टोव्ह आणि घागर घेऊन कोण आलं, याची मात्र नोंद कुठे नाही. मी त्या मागून येणाऱ्यांतली, म्हणून हे लिहिते.

माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना उसाच्या डनलॉपगाडीखाली सापडला. बहात्तरच्या दुष्काळाआधीचा गळीत हंगाम होता. मोळ्यांवर बसून पोरं कारखान्यापर्यंत जायची, त्यात कुणाला काही वाटत नसे. ओढ्याच्या उताराला मोळी घसरली आणि पोरगं तिच्यासकट चाकापुढे. मांडी मोडली, पानथरी फुटली. मिरजेला पोचेपर्यंत ओठ पांढरेफटक पडले होते. पानथरी काढून टाकली. रक्त मामाने आणि एका शेजाऱ्याने दिलं. रक्त दिलं की माणूस कायमचा खचतो अशी तेव्हा खात्रीच होती, त्यामुळे मामी पुढे कित्येक महिने मामाला दुधात अंडं फेटून पाजत होती. मामाने तक्रार केली नाही.

आजीचं म्हणणं वेगळं. "पोट डॉक्टरानं बघू दे, पाय आपल्या वैद्याला दाखवा." तिला अडाणी म्हणणं सोपं आहे. मोडलेल्या हाडाला वड, उंबर, पिंपळाच्या साली आणि वेळूच्या पट्ट्या बांधाव्यात, हे सुश्रुतसंहितेत आहे. पट्टी सैल राहिली तर सांधा स्थिर राहत नाही, फार आवळली तर सूज आणि ठणका लागतो, हेही त्याच ठिकाणी बजावलेलं आहे. गावोगावच्या हाडवैद्यांकडे कळकाच्या कामट्या आणि आंबेहळदीचा लेप पिढ्यान्‌पिढ्या उतरला, हा इशारा सगळ्यांकडे उतरला नाही. आवळून बांधलेले, काळे पडलेले हातपाय घेऊन आलेली माणसं मी त्याच वॉर्डात पाहिली.

भावाच्या पायाला वजन लावलं होतं. पायावर चिकटपट्टी, तिला दोरी, खाटेच्या पायथ्याला कप्पी आणि कप्पीवरून लोंबणारी वाळूची पिशवी. खाटेचे पायथ्याकडचे दोन्ही पाय विटांवर चढवलेले, म्हणजे पिशवीच्या ओढीने पोरगं खाली घसरू नये. पिशवी जमिनीला टेकली की ताण गेला आणि हाड सरकलं. ती टेकत नाही ना हे बघणं माझं काम. एकदा एक चुलतआत्या भेटायला आली. "किती जड बांधलंय रे लेकराला!" म्हणत तिने पिशवी उचलून स्टुलावर ठेवली. भाऊ असा किंचाळला की सिस्टर धावत आल्या, आणि बोलणी खाल्ली मी. टाच गादीला घासू न देणं, पाठ पुसून पावडर लावणं, भांडं देणं, सुई म्हटलं की आधी हात धरणं, हे सगळं आई आणि मी करायचो. डबा गावाकडून एस्टीने यायचा. आबा तो ड्रायव्हरच्या शेजारी ठेवून द्यायचे आणि इकडे स्टँडवर मी उतरवून घ्यायची.

ही रीत पडली कशी? त्यात अभिमानाचं फारसं काही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इस्पितळात सोवळ्यातला रोगी परक्याच्या हातचं पाणी घ्यायला तयार नसे, म्हणून आपला स्वयंपाकी, आपली भांडी आणि आपलं माणूस घेऊन येई. दुसरीकडे, परक्याची घाण काढणं हे हलकं काम, म्हणून घरंदाज म्हणवणारे मुलींना नर्स होऊ देत नसत. सुरुवातीच्या परिचारिकांत ख्रिस्ती बायका बऱ्याच होत्या. 1909 मध्ये निघालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने, ससूनमध्ये शिकायला बायका धाडल्या, तेव्हा कुठे वारं थोडं फिरलं. तोवर नर्सच्या वाटणीचं काम नातेवाइकांच्या गळ्यात पडलं होतं. सोवळं गेलं, नर्स आल्या, पण काम गळ्यातच राहिलं.

गंमत अशी की ज्यांच्याकडून आपण इस्पितळ घेतलं, त्या ब्रिटनमध्ये मुलांच्या वॉर्डात आईबापांना भेटीच्या ठरावीक वेळेपलीकडे थारा नसे. आई दिसली की पोर रडतं, म्हणून आईच नको, असा हिशेब. जेम्स रॉबर्टसनने 1952 मध्ये इस्पितळात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला, आणि 1959 च्या प्लॅट समितीने आईबापांना कधीही येऊ द्या, लहान मुलाजवळ आईला राहू द्या, अशी शिफारस केली. सोवळ्याने आणि टंचाईने आमच्याकडे जे होऊन बसलं होतं, तिथपर्यंत ते अभ्यास करून पोचले. मात्र आईला वॉर्डात ठेवायचं तर तिला निजायला जागा हवी, याचाही विचार समितीने केला होता. आमची आई खाटेखाली पोतं अंथरून निजायची, आणि राउंडच्या वेळी तिला बाहेर हाकलत.

राहायचं कुणी, हे मात्र घराघरांत ठरलेलं असायचं. आबांना ऊस होता, थोरल्या भावाला मॅट्रिक होती. माझी सातवी होती, पण "पोरीचं काय, पुढच्या साली देईल" म्हणून मला नेलं. वार्षिक परीक्षा बुडाली आणि वर्ष गेलं. त्या वॉर्डात जवळजवळ प्रत्येक खाटेजवळ माझ्याच वयाची एखादी बहीण किंवा आत्या होती. दुपारी सगळ्या मिळून नळावर कपडे धुवायचो आणि कुणाच्या पोराला ताप चढला, कुणाचे टाके निघाले, याच्या बातम्या सांगायचो.

भाऊ चालत घरी आला नाही, पाठीवर आला. मग परड्यात आबांनी रोवलेल्या दोन आडव्या कळकांना धरून चालायला शिकला. मोडलेला पाय जुळताना दुसऱ्यापेक्षा थोडा लांब वाढला. लहान मुलांच्या मांडीच्या हाडाचं असं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आजीने नरसोबाच्या वाडीला आणि आईने मिरजेच्या मीरासाहेबांना नवस बोलला होता, दोन्हीकडे फेडून झाला. पाय लांब कुणी केला, यावरून सासू-सुनेत पुढे बरीच वर्षं जुंपायची. भावाच्या एका चपलेला अजून चांभाराकडून जादा तळ लावून घ्यावा लागतो, आणि तो जोड त्याला कुणाला उसना देता येत नाही.