जुनी ‘ग्रेडेड’ खेळणी जमवायची आहेत? आधी पेटीवरचा आकडा वाचायला शिका

एका खेळण्याची किंमत ५ लाख २५ हजार डॉलर! २०२४ साली अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेटच्या पावणेचार इंची बाहुल्याला एवढी बोली लागली. पाठीवरून रॉकेट उडवणारा हा बोबा फेट केनर कंपनी १९७९ मध्ये आणणार होती. पण लहान मुलांच्या घशात रॉकेट अडकेल या भीतीने तो कधी विक्रीला आलाच नाही. उरले ते फक्त नमुने.

अशा बातम्या वाचून अनेकजण पारदर्शक पेटीत बंद असलेली, वर आकडा छापलेली जुनी खेळणी शोधायला लागतात. पण त्या आकड्याचा अर्थ न कळता पैसे टाकले, तर छंद महागात पडतो.

ग्रेडिंग म्हणजे नेमकं काय?

ॲक्शन फिगर ऑथॉरिटी, म्हणजे एएफए, ही या क्षेत्रातली सगळ्यात ओळखीची अमेरिकन संस्था. तुम्ही खेळणं आणि फी पाठवायची. ते लोक खेळणं अस्सल आहे का आणि कोणत्या अवस्थेत आहे हे तपासतात, गुण देतात आणि ॲक्रिलिकच्या पेटीत सील करून परत पाठवतात. पेटीवर लेबल आणि अनुक्रमांक असतो.

एएफएचे गुण १०० पैकी असतात. ८५ आणि त्यापुढे सोनेरी श्रेणी, ७५ आणि ८० ला चंदेरी, ७० आणि त्याखाली ब्राँझ. मूळ पॅकिंगमधल्या खेळण्याला तीन उपगुणही मिळतात. कार्ड, म्हणजे मागचा छापील पुठ्ठा. बबल, म्हणजे वरचं पारदर्शक प्लास्टिक. आणि तिसरी फिगर, म्हणजे आतला बाहुला.

हे उपगुण वाचायलाच हवेत. दोन खेळण्यांना एकूण ८० गुण असतील, पण एकाचा पुठ्ठा दुमडलेला आणि दुसऱ्याचा बबल पिवळा पडलेला असू शकतो. पिवळेपणा पेटीत घातल्यावरही वाढू शकतो. म्हणजे लेबलवरचा आकडा तपासणीच्या दिवसाचा असतो, आजचा नाही.

आकडा काय सांगत नाही?

ग्रेड अवस्था सांगते. ते खेळणं दुर्मिळ आहे का, आणि त्याला किती भाव मिळेल, हे ती सांगत नाही.

‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ ला आला, पण त्या वर्षीच्या नाताळपर्यंत केनरची खेळणी तयार नव्हती. कंपनीने चक्क कुपन असलेलं रिकामं पाकीट विकलं आणि बाहुले १९७८ मध्ये टपालाने पाठवले. सुरुवातीच्या संचात १२ पात्रं होती, त्यामुळे पहिल्या कार्डांच्या मागे १२ चित्रं आहेत. संग्राहक त्यांना ‘ट्वेल्व्ह-बॅक’ म्हणतात. तोच ल्यूक स्कायवॉकर पुढे १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या कार्डवरही आला. पात्र तेच, पण दोघांच्या किमतीत मोठा फरक पडतो. त्यामुळे ७० गुणांचं जुनं कार्ड ८५ गुणांच्या नव्या कार्डापेक्षा महाग असलं तर नवल नाही.

फसवणूक कुठे होते?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण जावा या पात्राचं. सुरुवातीच्या जावाला व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा झगा होता. नंतर कंपनीने तो बदलून कापडी केला. व्हिनाइल झग्याचा जावा दुर्मिळ, म्हणून लोकांनी बेन केनोबी या दुसऱ्या पात्राचा झगा कापून जावाला चढवायला सुरुवात केली. पॅकिंगबाहेरचा असा जावा केवळ फोटोवरून कधीही घेऊ नका.

पायावर कोरलेलं सालही फसवतं. ते कॉपीराइटचं साल असतं, उत्पादनाचं नाही. १९७७ कोरलेला बाहुला बऱ्याच नंतर बनलेला असू शकतो. बंदुका आणि लाइटसेबर यांच्या नव्या नकलाही सर्रास मिळतात. खेळणं जुनं आणि हातातलं शस्त्र नवं, हा प्रकार नेहमीचा.

जुन्या पुठ्ठ्यावर बबल नव्याने चिकटवलेले नगही बाजारात असतात, आणि त्यातले काही ग्रेडिंगच्या पेटीत पोहोचल्याचं उघड झालं आहे. सील म्हणजे तज्ज्ञांचं मत. ती हमी नव्हे.

माल कुठून आला, हे विचारणंही महत्त्वाचं. कॅलिफोर्नियातल्या ‘रँचो ओबी-वान’ या संग्रहालयातून १०० हून अधिक वस्तू चोरीला गेल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. त्यातल्या बऱ्याच वस्तू तोपर्यंत इतर संग्राहकांना विकून झाल्या होत्या.

आपल्या माळ्यावर काही आहे का?

असू शकतं. एमआरएफ आणि हास्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये फनस्कूल सुरू केली, तिचा कारखाना गोव्यात आहे. फनस्कूलच्या ‘जी. आय. जो’ बाहुल्यांचे रंग अमेरिकन बाहुल्यांपेक्षा वेगळे निघायचे, म्हणून परदेशातले संग्राहक ते शोधतात. पण भारतीय आहे म्हणजे दुर्मिळच, असं मुळीच नाही. न उघडलेला बराच माल आधीच बाहेर गेलेला आहे.

जुना ‘जो’ सापडला तर अंगठे शाबूत आहेत का ते बघा. शरीराचे भाग जोडणारं आतलं रबरी कडं वयानुसार कडक होऊन तुटतं, त्यामुळे कंबर ताणून बघण्याचा मोह आवरा. पॅकिंग बंद असेल तर उघडू नका.

पहिली खरेदी करण्याआधी

- एकच मालिका निवडा आणि आधी सुटे, स्वस्त बाहुले हाताळा. अस्सल प्लास्टिक आणि रंग ओळखायला हाच खरा अभ्यास आहे.
- विक्रेत्याने लावलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. तोच बाहुला, तेच कार्ड आणि तीच ग्रेड असलेले नग प्रत्यक्ष किती रुपयांना विकले गेले ते बघा.
- पेटीच्या कडांचे आणि लेबलचे जवळून काढलेले फोटो मागा. अनुक्रमांक ग्रेडिंग कंपनीकडे पडताळा.
- परदेशातून मागवताना पाठवणीचा खर्च, विमा आणि कस्टम ड्युटी आधी धरा.
- साध्या खेळण्याला ग्रेड करून घेण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. तिथे चांगली पारदर्शक डबी पुरते.
- ऊन आणि दमट हवा टाळा. उन्हाने प्लास्टिक पिवळं पडतं आणि ओलीने पुठ्ठा वाकतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते वेळोवेळी बदला.

आणि एक साधी कसोटी. पेटीवरचा आकडा झाकला, तरी ते खेळणं तुम्हाला हवं आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तुम्ही फक्त आकड्याचे पैसे देताय.