मीठ, साखर आणि पेशीचा दरवाजा : पटकीचा इतिहास

१/ ३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव इंग्रजांना शरण गेला आणि पेशवाई संपली. त्याच वर्षी बंगालमधून निघालेली एक साथ दख्खन ओलांडून पुण्यात आणि मुंबईत पोहोचली. आपले पूर्वज तिला पटकी किंवा जरीमरी म्हणत. आज आपण कॉलरा म्हणतो.

२/ सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत दगावे, कारण जुलाबांवाटे शरीरातील पाणी आणि क्षार वाहून जात. मग रोग्याला पाजलेले पाणी अंगी का लागत नसे?

३/ याचे उत्तर आतड्याच्या पेशींत आहे. प्रत्येक पेशीभोवती पेशीपटल हे मेदयुक्त, अतिपातळ आवरण असते. मीठ आणि साखर त्यातून आपोआप जाऊ शकत नाहीत. त्यांना प्रथिनांचे दरवाजे लागतात. जिकडे क्षार जातात, तिकडे पाणी जाते. यालाच परासरण म्हणतात.

४/ १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू वेगळा केला. पण तो मारतो कसा? १९५९ मध्ये कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी दाखवले, की जंतू आतड्यात विष सोडतो. या विषाने पेशीपटलातील क्लोराइडचा दरवाजा उघडा राहतो, हे पुढे उलगडले. क्लोराइड बाहेर पडते, त्यामागे सोडियम आणि पाणी.

५/ १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडले, की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज सोडियमच्या जोडीने शिरते. पटकीचे विष हा जोडदरवाजा बंद करू शकत नाही. म्हणजे मिठाच्या पाण्यात योग्य प्रमाणात साखर असेल, तर रोग चालू असतानाही पाणी शरीरात जाते.

६/ १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. बनगाव येथे शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण नातेवाइकांकरवी पाजवले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले.

७/ १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. मराठीत त्याला सुंदर नाव मिळाले : जलसंजीवनी. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

८/ घरगुती प्रमाण : उकळून गार केलेले १ लिटर पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ.

९/ १८१८ च्या पुण्यात मीठही होते आणि गूळही. नव्हते ते प्रमाण, आणि ते का लागू पडते याचे ज्ञान. साथींचा इतिहास वाचताना मृतांच्या आकड्यांसोबत हाही प्रश्न विचारावा : त्या काळी घरात काय होते, आणि कोणती गोष्ट अजून कुणालाच ठाऊक नव्हती?