परात्म तरुण निवेदक : 'कोसला' आणि 'द कॅचर इन द राय' यांचा ऐतिहासिक संदर्भ

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन कादंबरीत स्वतःच्याच समाजाला परका झालेला पौगंडावस्थेतील निवेदक ठळकपणे पुढे आला. जे. डी. सॅलिंजर यांची 'द कॅचर इन द राय' ही कादंबरी १९५१ साली प्रसिद्ध झाली आणि तिचा निवेदक होल्डन कॉलफिल्ड हा या प्रकारच्या पात्राचा मानदंडच होऊन बसला. मराठीत १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' प्रकाशित केली, तेव्हापासून पांडुरंग सांगवीकर आणि होल्डन यांची तुलना होत आली आहे. ही तुलना पुष्कळदा 'प्रभाव' या एका शब्दापाशी थांबते. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने हा शब्द आळशी आहे. कोणी कोणाचे वाचले होते यापेक्षा, दोन भिन्न समाजांत बारा वर्षांच्या अंतराने अशा निवेदकाची गरज का निर्माण झाली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत निबंधात त्याचाच विचार केला आहे.

'युद्धोत्तर' म्हणजे काय?

होल्डनला युद्धोत्तर म्हणताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. होल्डनवरील एक कथा 'द न्यूयॉर्कर' या साप्ताहिकाने १९४१ मध्येच स्वीकारली होती. अमेरिका युद्धात उतरल्यामुळे ती लांबणीवर पडली आणि १९४६ मध्ये छापून आली. मधल्या काळात सॅलिंजर सैन्यात होते व ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फौजेबरोबर होते. म्हणजे हे पात्र युद्धापूर्वीचे आहे, पण त्याचा आवाज युद्धातून गेलेल्या लेखकाने पक्का केला. कादंबरीत युद्ध जवळजवळ दिसत नाही. होल्डनचा थोरला भाऊ सैन्यात होता, एवढाच काय तो उल्लेख. मात्र धाकटा भाऊ ॲली याचा रक्ताच्या कर्करोगाने झालेला मृत्यू पानोपानी जाणवत राहतो.

याच काळात अमेरिकेत 'टीनएजर' हा स्वतंत्र वर्ग आणि त्याबरोबर स्वतंत्र बाजारपेठही तयार झाली. 'सेव्हन्टीन' हे मासिक १९४४ मध्ये सुरू झाले. हाती पैसा, मोकळा वेळ आणि अंगावर जबाबदारी नाही, अशा या वर्गाचा होल्डन हा सदस्यही आहे आणि टीकाकारही. तो नामांकित निवासी शाळेतून नापास होऊन बाहेर पडतो. वडील बडे वकील आहेत, पण ते कथेत प्रत्यक्ष येतच नाहीत. त्याचे भांडण ढोंगाशी आहे, भाकरीशी नाही.

सांगवी ते पुणे

सांगवीकराचे प्रकरण येथेच वेगळे होते. तो शाळकरी मुलगा नव्हे. मॅट्रिक होऊन तो खानदेशातील गावातून पुण्याच्या वसतिगृहात येतो आणि पंचविशीत उभा राहून मागे पाहत आपली हकीकत सांगतो. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. जळगावला स्वतंत्र विद्यापीठ मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या चार दशकांत खानदेशातील कितीतरी शेतकरी कुटुंबांनी शेतीच्या उत्पन्नातून मुलाला पुण्याला पाठवले. त्या पैशाचा हिशेब बापाच्या डोक्यात पक्का असे. सांगवीकर कॉलेजातील पदे मिरवतो, पैसा उडवतो, परीक्षांत मागे पडतो आणि अखेर गावी परततो. येथील बाप होल्डनच्या बापासारखा अदृश्य नाही; तो सर्वत्र आहे. सांगवीकराची परात्मता समृद्धीच्या कंटाळ्यातून आलेली नाही. गाव सुटले आणि शहर लागले नाही, या मधल्या जागेत ती जन्मली.

नोंद घ्यावी अशी आणखी एक बाब म्हणजे धाकट्या बहिणीचा मृत्यू. मनी देवीच्या रोगाने जाते. समीक्षक या प्रसंगाची ॲलीच्या मृत्यूशी सांगड घालतात, ती चुकीची नाही. पण त्यातून मोठा फरक झाकला जातो. रक्ताच्या कर्करोगावर त्या काळी वैद्यकाकडे फारसा उपाय नव्हता. देवीवरची लस मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपासून उपलब्ध होती. भारताचा राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये, म्हणजे 'कोसला' येण्याच्या अवघे वर्षभर आधी सुरू झाला, आणि देशातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. मनीचा मृत्यू टाळता येण्याजोगा होता. सांगवीकराचा संताप केवळ अस्तित्ववादी नाही, हे या तारखांवरून स्पष्ट होते. त्याला तत्त्वज्ञानाची पुस्तके लावून वाचणाऱ्यांनी गावच्या आरोग्यव्यवस्थेकडेही एकदा पाहायला हवे होते.

होल्डनलाही बहीण आहे. दहा वर्षांची फीबी आपली बॅग घेऊन त्याच्याबरोबर निघते, हट्ट करते, आणि तिच्यामुळेच तो पळून जाण्याचा बेत सोडतो. मनीला असे उलट बोलण्याची संधीच मिळत नाही. १९६३ मध्येच सिल्विया प्लाथ यांची 'द बेल जार' टोपणनावाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, जिची निवेदक एकोणीस वर्षांची मुलगी आहे. त्याच वर्षीच्या मराठी कादंबरीत मुलगी मरते आणि भाऊ तिच्याविषयी बोलतो. हा 'कोसला'चा दोष म्हणता येणार नाही. पण सांगवीकराला त्याच्या पिढीचा प्रतिनिधी म्हणताना त्या पिढीतील अर्धे लोक त्यात नाहीत, हे नमूद करावे लागते.

भाषेचा प्रश्न

दोन्ही निवेदक बोलल्यासारखे लिहितात. होल्डनची शाळकरी बोली अमेरिकेत अनेक ठिकाणी ग्रंथालयांतून कादंबरी हटवण्यास कारण झाली. सांगवीकराचे 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे शब्द वरवर निरुपद्रवी आहेत. तथापि फडके-खांडेकरांच्या रेखीव गद्यावर वाढलेल्या वाचकाला ते बोचले. पुस्तकी मराठीतील हे शब्द तो इतक्या वेळा आणि इतक्या अस्थानी वापरतो की त्या भाषेचा सगळा गांभीर्याचा आव गळून पडतो. लगोलग १९६५ मध्ये भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' आली. तिच्यातील मुंबईच्या नाक्यावरील पोरांची बोली आचार्य अत्रे यांना अश्लील वाटली व त्यांनी कडाडून टीका केली. पाध्ये यांचे तरुण कॉलेजच्या वाटेला फारसे जातच नाहीत. या दृष्टीने ते होल्डनपासून सांगवीकरापेक्षाही दूर आहेत.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात या कादंबऱ्या शिकवताना हा क्रम उलटा लागतो. येथील अनेक विद्यार्थी घरातील पहिलेच पदवीधर ठरणार असतात. त्यांच्यातील काही शहापूर-वाड्याकडील खेड्यांतून रोज ये-जा करतात, तर काही पाळीवरून थेट वर्गात येतात. त्यांना 'वासूनाका'तील पोऱ्या लगेच ओळखीचा वाटतो. सांगवीकराच्या बापाचा हिशेबही त्यांना चटकन कळतो. होल्डनबाबत मात्र ते एकच प्रश्न विचारतात, आणि तो कोणत्याही समीक्षाग्रंथात आढळत नाही : शाळेतून काढल्यावर हॉटेलात राहण्याइतके पैसे या मुलाकडे आले कुठून?